भांडण सगळेच छापतात, सातबारा कोण बघतो?

गावात दोन भावांचं बांधावरून वाजलं की पहिल्याच दिवशी सगळ्या गावाला कळतं कोणी कोणाला काय शिवी दिली, कोणाची बायको मध्ये पडली, कोण रागारागाने पोलीस पाटलाकडे गेलं. पण बांध खरंच सरकलाय का आणि कोणी सरकवलाय हे बघायचं तर सातबारा काढावा लागतो, जुने फेरफार बघावे लागतात, मोजणीवाल्याला बोलवावं लागतं. ते काम कंटाळवाणं, त्यात मजा काही नाही, त्यामुळे ते कोणी करत नाही आणि दहा वर्षांनी गावाला फक्त शिवी आठवते.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणीही बघावा, वापरावा, बदलावा अशा सॉफ्टवेअरच्या जगात लायसन्सवरून किंवा एखाद्या तांत्रिक मुद्द्यावरून वाद झाला की त्याच्या बातम्या बरोब्बर अशाच येतात. कोण चिडलं, कोणी राजीनामा दिला, कोणी कोणाला गद्दार म्हटलं, संपली बातमी. लायसन्समध्ये नक्की काय लिहिलंय, ते बदलायचा हक्क कोणाकडे होता, वादातला कोड कुठून आला, हे शोधायला गेलं तर दहातल्या एखाद्या लेखात सापडतं. आणि मग आपले लोक चर्चा करतात की टेक पत्रकार तटस्थ नाहीत, कंपन्यांनी विकत घेतलेत वगैरे. मला विचाराल तर या विषयात तटस्थपणा दुय्यम आहे. बाजू घ्यायची तर घ्या खुशाल, पण कागद दाखवा. कागद दाखवणारा पक्षपाती पत्रकार मला कागद न बघणाऱ्या तटस्थ पत्रकारापेक्षा कधीही परवडला.

हे असं का म्हणतोय त्यासाठी एससीओची गोष्ट सांगावी लागेल, जुनी आहे पण नव्या पोरांना माहीत नसते म्हणून जरा सविस्तर सांगतो. मार्च २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला, १०० कोटी डॉलरचा, पुढे तो आकडा ५०० कोटींवर नेला. म्हणणं असं की युनिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आमची, आणि आयबीएमने त्यातला माल लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये घातला. मग लिनक्स वापरणाऱ्यांनाही सांगायला लागले की आमच्याकडून लायसन्स घ्या, एका प्रोसेसरच्या सर्व्हरला ६९९ डॉलर. बरं, चोरलेला कोड दाखवा म्हटलं तर दाखवणार नाही, बघायचा असेल तर आधी गुप्ततेच्या करारावर सही करा. काही विश्लेषकांनी सही केली, बघून आले, आणि बाहेर येऊन म्हणाले की हो बुवा, सारखा दिसतोय. झालं, बिझनेस प्रेसला तेवढं पुरलं. फोर्ब्ससारख्या ठिकाणी लिनक्सवाल्यांना धर्मवेडे ठरवणारे लेख यायला लागले.

ऑगस्ट २००३ मध्ये एससीओने लास वेगासला आपल्याच संमेलनात दोन-तीन स्लाइड दाखवल्या, हा बघा चोरीचा कोड म्हणून. त्यातला काही भाग ग्रीक अक्षरांत होता, म्हणजे कोणाला वाचता येऊ नये म्हणून नुसता फॉन्ट बदलला होता! ज्यांनी जुन्या श्रीलिपीतली डीटीपीची फाइल फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलीय त्यांना ही गंमत लगेच कळेल, फॉन्ट परत लावला की मजकूर जसाच्या तसा. हाइजे या जर्मन प्रकाशनाने त्या स्लाइडचे फोटो छापले आणि पुढच्या काही तासांत लोकांनी तो कोड ओळखला. एक तुकडा होता नेटवर्कची पाकिटं गाळणारा, तो मुळात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा, बीएसडी नावाच्या मोकळ्या लायसन्सचा, एससीओचा त्यावर काही हक्कच नाही. दुसरा होता मेमरी वाटून देणारा जुना कोड, सत्तरच्या दशकातल्या युनिक्समधला, आणि ते जुनं युनिक्स २००२ मध्ये कॅल्डेरा नावाच्या कंपनीने स्वतः होऊन खुल्या लायसन्सखाली सोडून दिलं होतं. कॅल्डेरा म्हणजे कोण? तर एससीओचंच आधीचं नाव. म्हणजे स्वतःच वाटून टाकलेल्या जमिनीवर अतिक्रमण झालं म्हणून बोंब!

आता बघा, हे शोधायला कोणाला गुप्त माहिती लागली नाही, कोणी आतला माणूस फुटला नाही. सगळे कागद उघडे होते, फक्त कोणीतरी उघडून वाचायला हवे होते.

तेच काम पॅमेला जोन्स या बाईंनी पुढे दहा वर्षं केलं. मे २००३ मध्ये त्यांनी ग्रोकलॉ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. त्या वकील नाहीत, प्रोग्रामरही नाहीत, पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम करणाऱ्या. कोर्टात दाखल झालेला प्रत्येक कागद मिळवायचा, स्वयंसेवक बसवून तो टाइप करून घ्यायचा म्हणजे शोधता येईल, सुनावणीला युटातल्या वाचकांना पाठवायचं आणि त्यांनी घेतलेल्या नोंदी छापायच्या. युनिक्सची आधीची मालक नोव्हेल, त्या कंपनीने २००३ मध्येच सांगितलं होतं की पुढे एससीओकडे आलेला युनिक्सचा धंदा आम्ही १९९५ मध्ये विकला पण कॉपीराइट विकलेच नाहीत. करार वाचला तर न विकलेल्या गोष्टींच्या यादीत कॉपीराइट होतेच, नंतरच्या एका दुरुस्तीमुळे थोडा गोंधळ होता एवढंच. म्हणजे खरेदीखतच अर्धं, आणि त्या जोरावर हे सगळ्या जगाकडून खंड गोळा करायला निघालेले. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायाधीश डेल किंबॉल यांनी नोव्हेलच्या बाजूने निकाल दिला, पुढच्याच महिन्यात एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला, मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवून प्रकरण ज्युरीकडे पाठवलं आणि २०१० मध्ये ज्युरीनेही नोव्हेलचंच धरलं. ५०० कोटींचा आयबीएमवरचा दावा शेवटी २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरवर मिटला, तोपर्यंत ज्यांनी पहिल्या दिवशी मथळे दिले होते त्यातले अर्धे लोक पत्रकारिता सोडून गेले असतील.

फोर्ब्सचे डॅनियल लायन्स यांनी मात्र सप्टेंबर २००७ मध्ये जाहीर लिहिलं की एससीओने मला गुंडाळलं, माझं चुकलं. हे कबूल करायला हिंमत लागते, आपल्याकडे कोणी करत नाही, म्हणून त्यांना त्याबद्दल मार्क द्यायला पाहिजेत. पण मुद्दा हा की ग्रोकलॉ तटस्थ होतं का? अजिबात नाही. पहिल्या दिवसापासून लिनक्सच्या बाजूने होतं, एससीओची टिंगल करायचं, कॉमेंटमध्ये तर विरोधी बोलणाऱ्याची धुलाई व्हायची. तरीसुद्धा त्या खटल्याचं काय होणार हे ज्याला कळून घ्यायचं होतं त्याला ग्रोकलॉ वाचून कळलं आणि 'दोन्ही बाजू मांडणारे' लेख वाचून कळलं नाही, कारण पॅमेला जोन्स यांचं मत पटलं नाही तरी खाली मूळ कागद होता, तो वाचून तुम्ही तुमचं मत करू शकत होतात.

हे झालं जुनं. म्हणाल की आता लोक शहाणे झाले असतील. रेडिसचं उदाहरण घ्या. रेडिस म्हणजे डेटा मेमरीत ठेवून झटकन देणारं सॉफ्टवेअर, तुम्ही फोनवर जी ॲप वापरता त्यातल्या कितीतरींच्या मागे ते चालू असतं. ऑगस्ट २०१८ मध्ये रेडिस लॅब्स कंपनीने आपल्या काही मॉड्यूलना, म्हणजे वरून जोडायच्या भागांना, कॉमन्स क्लॉज नावाची अट लावली की हे विकायचं नाही. मूळ रेडिस बीएसडी लायसन्सवरच होतं, त्याला हात लावला नव्हता. पण बोंब काय झाली, रेडिस आता ओपन सोर्स राहिलं नाही! कंपनीला आणि रेडिसचे मूळ लेखक साल्वातोरे सानफिलिपो यांना खुलासे करत बसावं लागलं की अहो मूळ रेडिसचं लायसन्स बदललेलं नाही, बीएसडीच राहील. आणि मग मार्च २०२४ मध्ये कंपनीने खरोखरच मूळ रेडिसचं लायसन्स बदललं. लांडगा आला रे आला ची गोष्ट, फक्त इथे आधीची खोटी बोंब बातम्या देणाऱ्यांनीच मारली होती.

२०२४ च्या बातम्यांत सुद्धा 'विश्वासघात' हा शब्द भरपूर, पण मला ऑफिसात बसून जे कळायला हवं होतं ते नाही. मला कळायला हवं होतं की बीएसडी लायसन्स हे मुळात घ्या आणि काहीही करा, फक्त आमची नोटीस राहू द्या, असं असतं, म्हणजे पुढची आवृत्ती वेगळ्या अटींवर द्यायला त्यात मनाई नाहीच, मग ती कंपनी असो नाहीतर तुम्ही. आणि जी आवृत्ती एकदा बीएसडीखाली दिली ती परत घेता येत नाही. ७.२.४ पर्यंतचा कोड बीएसडीच राहतो, त्याच कोडवरून आठवडाभरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की हा फोर्क, म्हणजे त्याच कोडची वेगळी चूल, निघाला आणि ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल त्याच्यामागे उभे राहिले. मी तेव्हा ज्या टीमबरोबर काम करत होतो तिथे शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक मथळा फॉरवर्ड होऊन आला आणि वरच्यांनी फर्मान काढलं की सोमवारपर्यंत रेडिस काढून टाका. शनिवारचा अख्खा दिवस गेला. मग एका पोरीने, टीममधली सगळ्यात ज्युनियर, शांतपणे विचारलं की सर आपण कुठल्या आवृत्तीवर आहोत? बघितलं तर सहा पॉइंट समथिंग. आमचा त्या बदलाशी काडीचा संबंध नव्हता. मथळ्याखाली एक ओळ असती की कोणत्या आवृत्तीपासून लागू, तर आमचा शनिवार वाचला असता. मे २०२५ मध्ये कंपनीने रेडिस ८ ला एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय देऊन परत ओपन सोर्सच्या दारात पाऊल टाकलं, त्याची बातमी किती जणांनी वाचली देव जाणे, परत येण्यात भांडण नसतं ना.

याच्यात अजून एक घोळ म्हणजे 'ओपन सोर्स' हा शब्दच कसाही वापरतात. सोर्स, म्हणजे मूळ कोड, बघायला मिळतो म्हणजे ओपन सोर्स नव्हे. मोंगोडीबी या डेटाबेसवाल्या कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एसएसपीएल हे स्वतःचं लायसन्स आणलं, ओपन सोर्स लायसन्सना मान्यता देणाऱ्या ओएसआय या संस्थेची मान्यता मिळेना म्हणून पुढच्या वर्षी अर्ज मागे घेतला, तरी आजही बातम्यांमध्ये असल्या लायसन्सना सर्रास ओपन सोर्स म्हणतात. शब्दाने काय फरक पडतो म्हणाल, तर भारत सरकारचं २०१५ चं धोरण आहे की सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं. टेंडरच्या कागदावर हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ बातमीतून शिकलेला बाबू लावणार आहे.

आता तांत्रिक वादाकडे येतो, तिथे तर कहर असतो. २०२५ च्या सुरुवातीला लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, रस्ट ही नवी प्रोग्रामिंग भाषा आणण्यावरून वाजलं. क्रिस्टोफ हेलविग हे जुने मेंटेनर, म्हणजे कोडच्या एका भागाची देखभाल करणारे, त्यांनी एका पॅचला, म्हणजे सुचवलेल्या बदलाला, विरोध करताना 'कॅन्सर' शब्द वापरला. झालं, 'रस्ट म्हणजे कॅन्सर, लिनक्स मेंटेनरचा आरोप'. त्याच मेलमध्ये, त्याच जागी, कंसात त्यांनी लिहिलं होतं की कॅन्सर म्हणजे एका कोडमध्ये दोन भाषा असणं, रस्ट ही भाषा नव्हे. म्हणजे माणसाला माहीत होतं की मथळा काय होणार, त्याने आधीच खुलासा करून ठेवला, तरी मथळा तोच झाला!

हेलविग बरोबर होते असं मी म्हणत नाहीये. खरा प्रश्न बांधाचा होता. त्यांच्याकडे डीएमएचा, म्हणजे हार्डवेअरने थेट मेमरी वापरण्याचा, सी भाषेतला कोड होता. रस्टवाल्यांनी काय केलं, तर तो कोड रस्टमधून वापरता यावा म्हणून एक पातळ थर लिहिला, आणि तो त्यांच्या स्वतःच्या, रस्टच्या फोल्डरमध्ये ठेवला. हेलविग यांच्या फाइलींना त्या पॅचने हातच लावला नव्हता. मग ज्याच्या शेतात भिंत बांधलीच नाही त्याला नाही म्हणायचा अधिकार आहे का? की उद्या सी बाजूला काही बदललं आणि पलीकडचा रस्टचा थर मोडला तर दुरुस्ती कोणी करायची या भीतीला काही अर्थ आहे? रस्टवाले म्हणत होते आम्ही करू. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी शेवटी हेच सांगितलं की तुमच्या कोडला हात लागलेला नाही, तुमचा कोड कोणी वापरायचा हे तुम्ही ठरवू शकत नाही. पॅचमध्ये कुठल्या फाइली बदलल्या एवढं बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी हा मुद्दा वाचकाला कळला असता. त्याऐवजी आपण वाचलं काय, तर रस्टच्या बाजूचे हेक्टर मार्टिन यांनी सोशल मीडियावर काय लिहिलं, लिनस त्यांच्यावर कसे चिडले आणि मार्टिन यांनी कर्नलचं मेंटेनरपद कसं सोडलं.

लोक म्हणतात की हे सगळं उघडंच असतं ना, मेलिंग लिस्ट उघडी, कोड उघडा, कोडमधल्या बदलांचा इतिहास उघडा, मग पत्रकार कशाला पाहिजे, ज्याला हवं त्याने जाऊन वाचावं. अहो, सातबाराही आता ऑनलाइन आहे. म्हणून किती लोक वाचतात आणि वाचून कोणाला कळतो? कर्नलच्या लिस्टवर दिवसाला शेकड्यांनी मेल येतात. उघडं असणं आणि समजणं यात मोठं अंतर आहे आणि ते अंतर कापणाऱ्या माणसालाच पत्रकार म्हणायचं.

पुण्यात लिनक्सचा धंदा करणाऱ्या रेड हॅट कंपनीचं मोठं इंजिनिअरिंग ऑफिस आहे, त्यामुळे जून २०२३ मध्ये रेड हॅटने एंटरप्राइझ लिनक्सचा सोर्स सार्वजनिक ठिकाणी टाकणं बंद करून तिथे फक्त सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे पुढच्या आवृत्तीची तयारी जिथे चालते ते, ठेवलं तेव्हा आमच्या ओळखीतल्या निम्म्या ग्रुपांमध्ये दोन तट पडले. 'रेड हॅटने लिनक्स बंद केलं' इथपासून 'कंपनीचा हक्कच आहे' इथपर्यंत सगळं. लिनक्सचं लायसन्स जीपीएल म्हणतं, ज्याला बायनरी, म्हणजे तयार चालणारं सॉफ्टवेअर, दिली त्याला सोर्स द्या. गिऱ्हाइकांना तो मिळतो. पण करारात असं की तो पुढे वाटलात तर तुमचं सबस्क्रिप्शन बंद होऊ शकतं. मग जीपीएल जी म्हणते की वाढीव बंधनं घालू नका, त्यात हे बसतं का नाही? इथे जाणकारांतच दोन मतं आहेत. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने त्यावर मोठं विश्लेषण लिहिलं, ते लोक तर उघडपणे एका बाजूचे आहेत, पण त्यांनी कलमं आणि करार समोर ठेवून लिहिलं त्यामुळे रेड हॅटच्या बाजूच्या माणसालाही त्यावर नीट भांडता आलं. हेच मी म्हणतोय.

उलट कागद न बघता आरोप केला की काय होतं ते एप्रिल २०२४ मध्ये दिसलं. टेराफॉर्म हे क्लाउडवरचे सर्व्हर उभे करायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये लायसन्स बदललं, त्यातून ओपनटोफू हा फोर्क निघाला. एका नावाजलेल्या टेक प्रकाशनात स्तंभ आला की ओपनटोफूने नव्या लायसन्सचा कोड उचललाय, त्याच सुमारास हॅशिकॉर्पची वकिली नोटीसही गेली. ओपनटोफूने आठवडाभरात ओळीला ओळ लावून दाखवलं की दोन्हीकडचा कोड सारखा दिसतो कारण दोघांनीही तो जुन्या, एमपीएल या खुल्या लायसन्सच्या कोडवरून घेतलाय. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक ओळ कोणी कधी लिहिली हे दिसतं, याच्याइतका स्वच्छ फेरफार आपल्या कुठल्याच तहसीलमध्ये सापडणार नाही. स्तंभलेखकाला तो बघायला अर्धा तास लागला असता.

हां, आता माणसं आणि त्यांचे स्वभाव कधीच महत्त्वाचे नसतात असंही नाही. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसचं प्रकरण घ्या, सप्टेंबर २०२४ पासूनचं. तिथे लायसन्सचा वाद नव्हताच, जीपीएल आहे, कोणीही वापरावं. वाद ट्रेडमार्कचा आणि पैशाचा, वर्डप्रेसच्या संस्थापकांपैकी एक मॅट मुलेनवेग यांनी वर्डप्रेसच्या साइट चालवून देणाऱ्या डब्ल्यूपी इंजिन कंपनीकडे उत्पन्नाच्या ८ टक्के मागितले, नाही म्हटल्यावर वर्डप्रेस डॉट ऑर्गचे दरवाजे बंद केले, म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकांच्या साइटना तिथून अपडेट मिळेनात. तेव्हा हजारो लोकांना पहिल्यांदा कळलं की ती साइट वर्डप्रेस फाउंडेशनची नसून एका माणसाची, मुलेनवेग यांची आहे. इथे माणूस हीच बातमी होती, पण तीही मालकी कोणाच्या नावावर आहे हे बघितल्यावरच बातमी झाली.

तर मग अशी पत्रकारिता होत का नाही? पैसे. एक पॅच नीट समजून लिहायला दोन दिवस लागतात, त्यासाठी कोड कळणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाला हिंजवडीत चौपट पगार मिळतो. जाहिरातीवर चालणाऱ्या ठिकाणी दोन दिवसांत पाच मथळे निघतात, आणि जाहिरात देणारे परत त्याच कंपन्या. ग्रोकलॉ फुकट चाललं, एका बाईच्या जिवावर, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकन सरकारच्या ईमेल पाळतीची प्रकरणं बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं की लोकांशी खाजगीत बोलता येणार नसेल तर मी हे चालवू शकत नाही, आणि ते बंद झालं. एका माणसावर टेकलेलं असं कधीतरी बसतंच.

एलडब्ल्यूएन या लिनक्सच्या बातम्या देणाऱ्या साइटने दुसरा रस्ता धरला. १९९८ मध्ये जोनाथन कॉर्बेट आणि एलिझाबेथ कूलबॉ यांनी सुरू केलेलं. कॉर्बेट स्वतः कर्नलवर काम करणारा माणूस. २००२ मध्ये पैसे संपले म्हणून बंद करतोय असं जाहीर केलं, वाचकांनी आपणहून पैसे पाठवले, मग वर्गणी सुरू केली. पद्धत अशी की ताजा लेख आधी वर्गणीदारांना, आठवड्याभराने सगळ्या जगाला फुकट. रस्टच्या त्या वादात सुद्धा कोणाचा कोड कुठे आहे हे मला तिथेच नीट कळलं. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं हे चालवतात आणि जगभरच्या कंपन्या त्यांच्या जिवावर आपले निर्णय घेतात. आपल्याकडच्या आयटीतला पैसा बघा, ज्या सॉफ्टवेअरवर हा सगळा डोलारा उभा आहे त्याबद्दलच्या खऱ्या बातमीसाठी आपल्यातले किती जण वर्गणी भरतात? आपण लेख फुकट व्हायची आठवडाभर वाट बघतो आणि तेवढ्यात व्हॉट्सॲपवरचा मथळा वाचून रेडिस काढायला बसतो.

त्या शनिवारनंतर मी आमच्या टीमसाठी वर्गणीची रिक्वेस्ट टाकली. रक्कम टीमच्या एका जेवणाच्या बिलाहून कमी होती. दोन आठवड्यांनी अकाउंट्समधून फोन आला, सर हे कशात टाकायचं, सॉफ्टवेअरमध्ये की पेपरवाल्याच्या बिलात? म्हटलं पेपरात टाका. ते म्हणाले पेपर तर कंपनीने कोविडनंतर बंद केलेत.